गाय फिकी पडलीय, काळे केस तांबूस झालेत: मिनरल मिक्श्चरने रक्त खरंच वाढतं का?

दावणकरी (फलटण तालुका)

आमच्या गोठ्यात सगळ्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. चारा म्हणजे मक्याचा मूरघास, नेपियर, ऊसतोड सुरू झाली की वाढं आणि उन्हाळ्यात कडबा. पेंड सरकीची, सोबत गोळी पेंड. यंदा दुसऱ्या वेताच्या एका गाईचं बिनसलंय. व्याल्यावर दूध चांगलं चढलं, मग एकदम उतरायला लागलं. खाते, पण मन लावून नाही. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली तर आत गुलाबी रंगच नाही, कागदासारखी पांढुरकी. पाण्यापर्यंत चालत गेली की धाप लागते.

दुसरी गोष्ट त्याच दुखण्यातली की वेगळी, ते कळत नाही. गोठ्यातल्या आणखी दोन-तीन जनावरांचे काळे केस तांबूस पडलेत. उन्हाने पडले म्हणावं तर ती दिवसभर शेडखालीच असतात. डोळ्याभोवती तांबूसपणा जास्त दिसतो. आणि एक कालवड सारखी दावं चघळते, गव्हाणीची माती चाटते.

दुकानदाराने लोहाचं टॉनिक पुढे केलं आणि मिनरल मिक्श्चर दुप्पट करा, रक्त भरेल असं सांगितलं. शेजारचे म्हणतात लोहाचं इंजेक्शन मारून घ्या. यातलं अजून काही दिलेलं नाही. जाणकारांनी सांगा, खनिजांनी जनावराचं रक्त वाढतं का? कुठल्या खनिजाने? आणि किती द्यायचं?

माणदेशी_म्हैसवाला

दादा, आधी लघवीचा रंग बघा. बाकी सगळं नंतर.

आमच्याकडे पंढरपुरी म्हशी. तिसऱ्या-चौथ्या वेताची, भरपूर दूध देणारी म्हैस व्याल्यावर दोन-तीन आठवड्यांत एकाएकी तांबडं, मग कॉफीसारखं काळपट मुतायला लागते. ताप नसतो. खाणं थोडंफार चालू असतं म्हणून माणूस अंगावर काढतो, आणि तेवढ्यात जनावर पांढरंफटक पडतं. जुनी माणसं बाहेरचं काही झालं म्हणून उतारे करायची. डॉक्टरांनी सांगितलं की हे फॉस्फरस कमी पडल्याने होतं, रक्तातल्या तांबड्या पेशी आतल्या आत फुटतात. त्यांनी शिरेतून औषध दिलं, वर पोटातूनही दिलं, तेव्हा लघवी निवळली.

तेव्हापासून गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत आमच्या म्हशींचं मिनरल मिक्श्चर आणि गव्हाचा कोंडा एक दिवसही चुकत नाही. नुसतं वाढं आणि कडबा खाऊन म्हैस व्याली की भीती वाटते.

दावणकरी

लघवी बघितली. पिवळी आहे, तांबडी नाही. सकाळी थर्मामीटर लावला तर १०४ च्या वर ताप. आणि आज हात फिरवताना खांद्याच्या पुढे लिंबाएवढी गाठ लागली. दुसऱ्या बाजूलाही आहे.

निवृत्त_पशुवैद्य

दावणकरी, ही गाठ आणि ताप लिहिलात ते फार बरं केलंत. हे वाचून झाल्यावर पहिला फोन तुमच्या डॉक्टरांना करा आणि कानाच्या शिरेतलं रक्त काचपट्टीवर घेऊन तपासायला सांगा. संकरित गाय, ताप, खांद्यापुढच्या सुजलेल्या गाठी आणि पांढरी पापणी हे थायलेरियाचं चित्र आहे. गोचिडांमधून येणारा रक्तातला परजीवी. त्याला कुठलंही टॉनिक, कुठलंही खनिज उपयोगी नाही. त्यावर बुपारव्हाक्वोनचं इंजेक्शन असतं, ते वजनानुसार आणि वेळेवर पडलं तरच गाय हाती लागते. उद्यावर टाकू नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. तो गावोगाव विचारला जातो आणि उत्तर बहुतेक वेळा टॉनिकच्या बाटलीच्या रूपात मिळतं, म्हणून जरा लांबण लावतो.

जनावर फिकं पडतं त्याला तीन वाटा असतात. एक, रक्त बाहेर जातंय: गोचीड, पोटातले जंत, लिव्हर फ्लूक म्हणजे यकृतातला चपटा जंत. एक मादी गोचीड पोट भरेपर्यंत अर्धा ते दोन मिलीलिटर रक्त पिते. कासेच्या फटीत, शेपटीखाली, कानात अशा शेकडो गोचिडी असतील तर हिशेब तुम्हीच करा. दोन, रक्त आतल्या आत फुटतंय: थायलेरिया, बबेसिया (हाही गोचिडांमधून येणारा परजीवी), माणदेशींनी लिहिलेलं फॉस्फरसचं दुखणं, कांद्याची बाधा. तीन, रक्त नीट तयारच होत नाही. खनिजांच्या उणिवा मुख्यतः या तिसऱ्या वाटेवर बसतात. आपल्याकडे पहिल्या दोन वाटाच कितीतरी जास्त चालतात. म्हणून फिकी गाय दिसली की आधी रक्त कुठे जातंय ते शोधायचं, आणि मग काय घालायचं ते ठरवायचं. नाहीतर साप म्हणून भुई धोपटणं होतं.

लोहाबद्दल. मोठ्या गाई-म्हशींत खुराकातलं लोह कमी पडून पंडुरोग होणं फार दुर्मीळ आहे. १२ किलो कोरडा चारा खाणाऱ्या गाईला प्रतिकिलो ५० मिलिग्रॅम धरलं तर दिवसाला साधारण ६०० मिलिग्रॅम लोह लागतं. आपल्या चाऱ्यात, त्यावर बसलेल्या धुळीमातीत, त्याच्या कितीतरी पट लोह असतं. लोह कमी पडतं ते नुसत्या दुधावर ठेवलेल्या वासराला, कारण दुधात लोह अगदी थोडं असतं. मोठ्या गाईला वरून लोह पाजत राहिलं तर उलट ते तांब्याच्या शोषणाच्या आड येतं.

आणि तुमच्या तांबूस केसांच्या जनावरांचा संशय मला तांब्यावरच आहे. केसाचा काळा रंग तयार करणारं विकर (एन्झाइम) तांब्याशिवाय चालत नाही. म्हणून काळं जनावर तांबूस दिसू लागतं, आणि डोळ्याभोवती चष्मा घातल्यासारखं वर्तुळ उमटतं. रक्ताशी तांब्याचा संबंध असा: यकृतात साठलेलं लोह रक्तात उतरवून हाडांच्या मगजापर्यंत पोचायला सेरुलोप्लाझ्मिन नावाचं प्रथिन लागतं, आणि त्यात तांबं असतं. तांबं नसेल तर लोह यकृतात पडून राहतं आणि जनावर तरीही पांढरं पडतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनला १९२८ मध्ये हे उंदरांवर दाखवलं गेलं. नुसत्या दुधावर वाढवून फिके पडलेले उंदीर एकट्या लोहाने सुधारले नाहीत, सोबत चिमूटभर तांबं दिल्यावर सुधारले. शंभर वर्षं होत आली, तरी आपण फिक्या जनावराला पहिलं लोहच पाजतो.

बाकीची खनिजं थोडक्यात. कोबाल्टपासून पोटातले सूक्ष्मजीव ब१२ जीवनसत्त्व बनवतात, त्याशिवाय तांबड्या पेशी घडत नाहीत. सेलेनियम तांबड्या पेशीच्या पडद्याला जळण्यापासून वाचवणाऱ्या विकरात असतं. जस्त आणि तांबं पांढऱ्या पेशींना लढायला लागतं. दगडी म्हणजे कासेची सूज, वार अडकणं, खुरांची दुखणी यांच्याशी त्याचा जवळचा संबंध. रक्ताचं आरोग्य म्हटलं की लोक फक्त हिमोग्लोबिन धरतात, पांढऱ्या पेशी विसरतात.

हॅमिल्टनकर (न्यूझीलंड)

डॉक्टर, कोबाल्टचा विषय काढलात म्हणून लिहायला बसलो. मी वायकाटोत दुभत्या गाईंच्या फार्मवर काम करतो. इथून दक्षिणेला रोटोरुआ-ताऊपोच्या बाजूला ज्वालामुखीची भुसभुशीत राखाडी जमीन आहे. तिथे जंगल तोडून वसाहतवाल्यांनी कुरणं केली, गवत गुडघाभर वाढलं, आणि त्या गवतात उभी राहून जनावरं उपाशी असल्यासारखी वाळत गेली. पांढरी पडून मरायची. दुसऱ्या भागातल्या कुरणावर हलवली की सुधारायची. त्याला बुश सिकनेस म्हणत.

जनावर फिकं दिसतं म्हणजे लोह कमी, असंच तेव्हाच्या शास्त्रज्ञांनाही वाटलं. म्हणून लिमोनाइट हे लोहाचं खनिज दळून द्यायला सुरुवात झाली. गंमत म्हणजे काही ठिकाणचं लिमोनाइट लागू पडायचं, काही ठिकाणचं नाही. ऑस्ट्रेलियात तशाच दुखण्यावर काम करणाऱ्या अंडरवुड आणि फिल्मर यांनी त्यातलं लोह काढून टाकलं आणि उरलेला अर्क दिला, तरी जनावरं बरी झाली. म्हणजे औषध लोह नव्हतंच, त्यात मिसळून आलेलं कोबाल्ट होतं. हे १९३५ चं. त्याच सुमाराला दक्षिण ऑस्ट्रेलियात मार्स्टन आणि लाइन्स यांनाही तेच सापडलं. ब१२ जीवनसत्त्व वेगळं काढलं गेलं १९४८ मध्ये, आणि त्याच्या रेणूच्या मधोमध कोबाल्ट निघालं, तेव्हा कुठे पूर्ण उलगडा झाला. नंतर इथे कुरणावर टाकायच्या सुपरफॉस्फेटमध्येच कोबाल्ट मिसळायला लागले.

लागतं किती, तर एक किलो कोरड्या चाऱ्यात एक दशांश मिलिग्रॅम. एवढ्याशा गोष्टीने हजारो एकर ओस पडले होते.

निफाडची_सून

वर कांद्याची बाधा असं एका वाक्यात लिहिलंय, त्याबद्दल जरा सांगाल का डॉक्टरकाका? भाव पडला की आमच्याकडे चाळीतला कांदा जनावरांपुढेच जातो. कोंब आलेला, नासका, सगळा. फुकटचा चारा म्हणून सगळेच घालतात. मागे आमच्या जावेच्या माहेरी एक गाय तांबडं मुतून गेली होती, तेव्हा सगळ्यांनी दृष्ट लागली म्हटलं.

निवृत्त_पशुवैद्य

ताई, हे विचारलंत ते उत्तम. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं पोटात गेल्यावर तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन जाळतात. त्या पेशींत गुठळीसारखे ठिपके तयार होतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात, आणि मग पेशी फुटतात. गाई या बाबतीत फार हळव्या, मेंढ्या-शेळ्या बऱ्याच काटक. लक्षणं लगेच दिसत नाहीत. काही दिवस कांदा खाल्ल्यावर गाय सुस्त पडते, श्वासाला आणि दुधाला कांद्याचा वास येतो, लघवी तांबडी होते, पापणी पांढरी पडते. तोवर कुणाला कांद्याची आठवण राहिलेली नसते.

द्यायचाच असेल तर एकूण कोरड्या खुराकाच्या पाव हिश्श्याच्या वर कधीच नाही, तोही कुट्टीत चांगला कालवून आणि हळूहळू सवय लावून. गाभण गाईला माझ्या मते अजिबात नको. गव्हाणीत नुसता कांद्याचा ढीग ओतणं म्हणजे ज्या गाईला तो आवडला ती पोट भरून खाणार आणि तीच जाणार. कोबी-फ्लॉवरच्या पाल्याचंही असंच. त्यातही गंधकाचं द्रव्य असतं. बाजार पडला की आठवडाच्या आठवडा तोच पाला पुढे टाकतात, ते थांबवा.

तांबड्या लघवीची एक घरगुती तपासणी सगळ्यांनी लक्षात ठेवा. लघवी काचेच्या बाटलीत धरून तासभर हलवू नका. तळाला तांबडा गाळ बसून वरचं पाणी निवळलं तर मूत्रपिंडातून किंवा मूत्राशयातून रक्त येतंय. सगळी बाटली वरपासून खालपर्यंत सारखीच कॉफीसारखी राहिली तर पेशी आत फुटतायत. हे फोनवर सांगितलंत तरी डॉक्टर कुठली औषधं सोबत घ्यायची ते ठरवू शकतात. सोबत ताप आहे की नाही तेही सांगा. ताप असेल तर बबेसियाकडे लक्ष जातं, व्याल्यानंतर आणि ताप नसेल तर फॉस्फरसकडे.

तुकाईचा_डोंगर

सगळं पटतं, पण एक बोलतो, राग मानू नका. आमच्या आज्याच्या दावणीला खिल्लार होती. ना मिश्रण, ना पावडर. डोंगरात चरून यायची, अंगावर हात फिरवला तर घसरायचा अशी तुकतुकीत. आत्ताच ही खनिजं कुठून कमी पडायला लागली? कंपन्यांनी पोती खपवायला काढलेलं आहे हे, असंच मला वाटतं.

माणदेशी_म्हैसवाला

भाऊ, ती खिल्लार किती दूध द्यायची? वासराला पुरून तांब्याभर. आमची म्हैस, शेजारची एचएफ, दोन वेळेला बादल्या भरतात. दुधातून जे जातं ते कुठून तरी यायला नको का?

निवृत्त_पशुवैद्य

तुकाईकर, राग कशाला, तुमच्या बोलण्यात बरंच तथ्य आहे. डोंगरात फिरणारं जनावर दिवसभरात पन्नास प्रकारचं गवत, पाला, शेंगा खातं, वेगवेगळ्या जमिनीवरचं. एकीकडे जे कमी ते दुसरीकडे मिळून जातं. गोठ्यात बांधलेल्या गाईपुढे मात्र वर्षभर त्याच दोन एकरांतला मका आणि नेपियर येतो. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत पिकाला उपलब्ध होणारं जस्त आणि लोह कमी, हे शेतकऱ्यांना मी सांगायची गरज नाही. तुम्ही स्वतःच मक्याला झिंक सल्फेट टाकता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? लोहाचं तेवढं वेगळं, कारण गाईची गरज पिकापेक्षा सहज भागते आणि मातीतूनही तिच्या पोटात लोह जातं. जस्त, तांबं, कोबाल्ट, आयोडीन यांचं तसं होत नाही.

शेवरी, सुबाभूळ, शेवगा बांधावर असेल तर त्याचा पाला जरूर घाला. पण दूध देणाऱ्या संकरित गाईची गरज तेवढ्यावर भागणार नाही.

कोकणातली_गोठेवाली

आमच्याकडे उलटंच. जांभ्याची तांबडी माती, विहिरीच्या पाण्याला लोखंडाचा वास, हौदाच्या कडेला गंजासारखा थर. कोकण कपिला गाई आहेत, लहान चणीच्या. त्यांचेही केस काहींचे विटलेत. डॉक्टर, इतकं लोह पोटात जात असताना तांबं अडत असेल का?

निवृत्त_पशुवैद्य

अडू शकतं. तांब्याच्या वाटेत तिघं उभे असतात: लोह, गंधक आणि मॉलिब्डेनम. गंधक आणि मॉलिब्डेनम पोटात एकत्र आले की तांब्याला असं बांधून टाकतात की ते शेणातून तसंच बाहेर पडतं. इंग्लंडमध्ये सॉमरसेट परगण्यातल्या काही कुरणांवर गाईंना पिढ्यान्‌पिढ्या हगवण लागायची, केस उडायचे. १९३८ च्या सुमाराला कळलं की गवतात मॉलिब्डेनम जास्त आहे, आणि मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, ठरावीक मापाने दिल्यावर गाई सुधारल्या.

म्हणून चाऱ्यात तांबं किती आहे एवढं बघून भागत नाही. पाण्याची तपासणी एकदा करून घ्या ताई. तुमच्या भागात लोह, घाटावर बोअरच्या पाण्यात बऱ्याचदा सल्फेट. पाणी फार लोखंडी असेल तर दुसऱ्या विहिरीचं पाजा, किंवा हौदात हवा खेळवून, गंज खाली बसू देऊन वरचं पाणी द्या. अशा ठिकाणीच चिलेटेड, म्हणजे सेंद्रिय द्रव्याशी जोडलेल्या, खनिजांचा महाग मालही विचार करण्याजोगा ठरतो, कारण त्यातलं तांबं सहजासहजी बांधलं जात नाही. बाकी ठिकाणी साधं, मानकाप्रमाणे असलेलं मिश्रण रोज मोजून देणं पुरेसं असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

नळीवाली_लॅब

पशू प्रयोगशाळेत काम केलंय, म्हणून नमुन्यांबद्दल चार गोष्टी. हिमोग्लोबिन आणि पेशींसाठी रक्त जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यायचं, हळू आठ-दहा वेळा उलटंपालटं करायचं, जोरात हलवायचं नाही. गोठलेलं किंवा उन्हात तापलेलं रक्त आलं की आम्ही काहीच सांगू शकत नाही. गाईचं हिमोग्लोबिन साधारण ८ ते १५ ग्रॅम, आणि पेशींचं प्रमाण म्हणजे पीसीव्ही २४ ते ४६ टक्के धरतात.

जस्तासाठी साधी रबरी बुचाची नळी चालत नाही, रबरातलंच जस्त नमुन्यात उतरतं आणि अहवाल छान येतो. खनिजांसाठी वेगळी नळी मिळते, प्रयोगशाळेला आधी विचारा.

आणि महत्त्वाचं, तापात असलेल्या गाईचं जस्त-तांबं तपासू नका. जंतुसंसर्गात शरीर स्वतःच रक्तातलं जस्त आणि लोह खाली आणतं, तांबं वर चढवतं. मग आजारी गाईचा अहवाल वाचून लोक लोह आणि जस्त पाजत सुटतात. शिवाय तांब्याचा साठा यकृतात असतो. तो जवळजवळ संपेपर्यंत रक्तातली पातळी टिकून राहते. म्हणजे रक्तात तांबं कमी आलं तर उणीव नक्की समजा, पण बरोबर आलं तर साठा भरलेला आहे असं समजू नका.

दावणकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर त्याच संध्याकाळी आले. काचपट्टीत थायलेरिया निघाला. हिमोग्लोबिन ५.८, पीसीव्ही १८. इंजेक्शन झालं, ताप उतरला, गाठी बसतायत. आता कडबा बाजूला सारून मूरघास मागते. बाकीच्या तीन तांबूस जनावरांचं रक्त ताप नसताना, नळीवालीताईंनी सांगितलं तसं वेगळ्या नळीत पाठवलं होतं. तिघींचंही तांबं प्रयोगशाळेच्या किमान मर्यादेच्याही खाली आलंय.

म्हणजे दोन वेगळी दुखणी एकाच गोठ्यात. आता पुढे काय? मिश्रण आम्ही देत होतो, सकाळच्या पेंडीत सगळ्यांत मिळून दोन-तीन मुठी टाकायचो. पोत्यावर आयएसआयचा शिक्का नाही.

निवृत्त_पशुवैद्य

वाचून बरं वाटलं. गाय वेळेत सापडली. पीसीव्ही आणखी खाली, १२-१३ वर गेला असता तर दुसऱ्या निरोगी गाईचं काही लिटर रक्त चढवायची वेळ आली असती. आपल्याकडच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत ते करतात, आणि पहिल्यांदा चढवताना गाईंना सहसा बाधत नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो. नव्या पेशी भरून यायला आठवडे जातात. तोवर तिला लांब चालवू नका, पेंड कमी करू नका. रक्त प्रथिनांचंच बनतं.

थायलेरिया पसरवणारी हायलोमा गोचीड पायांवर पांढरट पट्टे असलेली असते. ती जनावराच्या अंगावर जेवढी, त्याहून जास्त भिंतीच्या भेगांत आणि गव्हाणीच्या फटींत असते. अंगावर औषध मारून भेगा तशाच ठेवल्या तर महिन्याभरात परत येरे माझ्या मागल्या. भेगा सिमेंटने बुजवा, चुना मारा, दगडी भिंत असेल तर ज्योत फिरवा, अर्थात चारा लांब ठेवून.

आता मिश्रण. मुठीने देणं बंद करा, प्रत्येक गाईला वेगळं, मोजून द्या. भारतीय मानक १६६४ प्रमाणे असलेल्या, मीठ न घातलेल्या मिश्रणात किमान ०.१० टक्के तांबं, ०.८० टक्के जस्त, ०.४० टक्के लोह आणि ०.०१२ टक्के कोबाल्ट लागतं. म्हणजे ५० ग्रॅममधून गाईला ५० मिलिग्रॅम तांबं, ४०० मिलिग्रॅम जस्त आणि ६ मिलिग्रॅम कोबाल्ट मिळतं. तिची तांब्याची रोजची गरज १२ किलो कोरड्या चाऱ्यावर साधारण १२० मिलिग्रॅम. उरलेलं चाऱ्यातून येतं. तुमच्या मुठीचे दोनशे ग्रॅम धरले आणि दहा गाईंत वाटले, तर एकीच्या वाट्याला वीस ग्रॅम. त्यातही धीट गाय जास्त खाणार आणि लाजरी कालवड माती चाटत बसणार. मोठ्या गाईला ५० ग्रॅम, जास्त दूध असेल तर डॉक्टरांना विचारून वाढवा, वाढत्या कालवडीला २० ते २५. चाटण वीट टांगली म्हणून हे सोडू नका. कोण किती चाटतं ते कळत नाही. तुमच्या जिल्ह्याच्या माती-चाऱ्यानुसार बनवलेलं मिश्रण दूध संघाकडे मिळतं का तेही विचारा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्यासाठी भागवार चाऱ्याच्या तपासण्या केलेल्या आहेत.

तांबं कमी आलं म्हणून मोरचूद आणून स्वतःच्या मनाने पाजू नका. डॉक्टर वजन बघून ठरावीक काळासाठी देतील. जास्तीचं तांबं यकृतात गुपचूप साठत जातं आणि एखाद्या दिवशी ताण पडला, लांबचा प्रवास झाला, उपासमार झाली, की सगळं एकदम रक्तात उतरतं आणि तांबड्या पेशी फुटतात. जर्सीच्या यकृतात ते एचएफपेक्षा जास्त साठतं. केसांचा रंग जुने केस झडून नवे आल्यावरच बदललेला दिसेल, घाई करू नका.

मेंढपाळ_वाडा

राम राम. आम्ही मेंढरं राखतो, सोबत थोडी शेरडं. वाचून वाटलं आपल्याबी मेंढरांना हेच गाईचं मिश्रण चालू करावं. पावसाळ्यापासून कैक मेंढरं पांढरी पडल्यात, काहींच्या जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबती. किती द्यावं?

निवृत्त_पशुवैद्य

पाव्हणं, गाईचं मिश्रण मेंढरांना अजिबात नको. मेंढीला तांबं सोसत नाही. गाईच्या खुराकात किलोला ४० मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालून जातं, तिथे मेंढीला १५ च्या वर धोका सुरू होतो. महिनोन्‌महिने काही दिसत नाही आणि मग धडधाकट मेंढी एकाएकी पिवळी पडते, काळपट मुतते आणि एक-दोन दिवसांत जाते. मेंढ्यांसाठी वेगळं, तांबं न घातलेलं मिश्रण मिळतं, तेच आणा.

पण तुमच्या मेंढरांना खनिजाआधी जंताचं औषध लागणार आहे. पावसाळ्यानंतर पांढरी पापणी आणि जबड्याखाली पाणी म्हणजे पोटातला रक्त पिणारा जंत. असा एक जंत दिवसाला ०.०५ मिलीलिटर रक्त घेतो, आणि एका मेंढीच्या पोटात असे हजारो असतात. पाणथळ कडेला चरत असतील तर लिव्हर फ्लूकही असू शकतो, त्याचं औषध वेगळं. चार-पाच मेंढरांच्या ताज्या लेंड्या वेगवेगळ्या पिशव्यांत घालून तालुक्याच्या दवाखान्यात द्या, कुठला जंत आहे ते बघून औषध ठरेल. सगळ्या कळपाला सरसकट पाजू नका, वारंवार तसं केलं की जंतांना औषध लागू पडेनासं होतं. प्रत्येकीची पापणी उघडून बघा आणि पांढऱ्या दिसतील त्यांना आधी पाजा.

आणि दावणकरी, मेंढरांचे वाडे तुमच्या रानात खतासाठी बसत असतील तर तुमचं मिश्रणाचं पोतं आणि पेंड उघड्यावर ठेवू नका.